पहिली सही कंडक्टरबाईची

१७ सप्टेंबर, सकाळचे सहा. जुनवानीच्या शेवटच्या स्टॉपवर मी स्टुलावर चढून बसची पुढची काच ओल्या वर्तमानपत्राने घासत होते. विश्वकर्मा पूजेचा दिवस. भिलाईत प्लांटची भट्टी कधी थांबत नाही, पण बाकी सगळ्या लोखंडाचा त्या दिवशी मान असतो. पाना, सायकल, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि आमची सिटी बस धुतली जाते. बस धुणं कंडक्टरचं काम नाही. पण पुढची काच मी स्वतः पुसते. दुसऱ्याने पुसलेली मला पटत नाही.

आमचा ड्रायव्हर मनहरण खाली बसून झेंडूच्या माळांचा गुंता सोडवत होता. मी उतरले आणि विचारलं, "देखो भैया, साफ हुआ?"

"चकाचक, बहिनी! मुंह देख ले ओमा." म्हणजे त्यात तोंड बघून घे.

तो पाणी आणायला गेल्यावर मलाच दिसलं की डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पांढरा डाग तसाच राहिला होता. कावळ्याची करामत. मला वाटलं, किती भला माणूस, माझ्या कामात खोट काढत नाही. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि डाग तसाच राहिला.

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बसमधल्या गमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती आहेत. एका बाईने कूलर चढवला आणि त्याचं तिकीट काढायला नकार दिला. म्हणाली, मांडीवरच्या लेकराचं तिकीट नसतं. एक निवृत्त साहेब गुडघ्यामुळे बसू शकत नव्हते म्हणून उभ्याचं तिकीट कमी असावं, असं मला महिनाभर पटवत होते. मी पटले नाही. पण मी लिहिणार आहे ते त्या एका दिवसाबद्दल, कारण त्यात माझी चूक आहे आणि ती मी अजून कुणाला सलग सांगितलेली नाही.

लोकांना वाटतं, कंडक्टर तिकीट फाडतो. ते आता मशीन फाडतं. कंडक्टरचं खरं काम म्हणजे डावी बाजू. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. दारापासून मागच्या चाकापर्यंत काय चाललंय, ते त्याला आरशात मावेल तेवढंच कळतं. बाकीचं कंडक्टरने सांगायचं. आमच्या बसच्या घंटीची दोरी केव्हाच तुटली, म्हणून मी पत्र्यावर थाप मारते. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन लागोपाठ म्हणजे आहेस तिथेच ब्रेक दाब, कारण नंतर विचार. आणि तोंडाने अखंड चालू असतं: "लेफ्ट खाली, आन दे, आन दे, सायकल, स्कूटी निकली, बस." म्हणजे डावीकडे मोकळं आहे, येऊ दे, आता पुरे.

आवाज मला कधी कमी पडला नाही. माझे वडील भंडाऱ्याकडून प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर, म्हणून आले. मिलच्या गोंगाटाने त्यांचे कान गेले, त्यामुळे सेक्टर 2 च्या आमच्या क्वार्टरमध्ये मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. तो आवाज मला बारा वर्षं बसमध्ये उपयोगी पडला. जुनवानीहून सुपेला, सेक्टर 2, दुर्ग, बोरसी आणि परत. या रूटवर माझ्यासारखी डावी बाजू कुणी सांभाळत नाही, असं मी समजत होते आणि बोलूनही दाखवत होते.

मनहरण नऊ वर्षं माझ्यासोबत होता. मूळचा धमध्याकडचा, राहायला जुनवानीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. बसमध्ये चढणारा माणूस कितीही वैतागलेला असो, मनहरण त्याला हसवूनच उतरवायचा. नाइट करून येणारे प्लांटवाले बसताक्षणी झोपतात. कोण कुठे उतरतो ते त्याला पाठ. "ए चौधरी, उठ! तोर क्वार्टर आ गे, बाई बेलन धर के खड़े हे!" चौधरी डोळे चोळत उतरायचा आणि सगळी बस हसायची.

शेवटच्या दोन वर्षांत त्याने नवीनच चाल पाडली होती. स्टॉपवर दार उघडलं की ओरडायचा, "कोन आवत हे?" चढणाऱ्याने आपलं नाव सांगायचं.

"मैं हूं भैया, पिंकी."

"अरे पिंकी! गणित के पेपर कइसे गिस?"

"मत पूछो भैया."

"नइ पूछंव. बइठ जा."

शाळेच्या मुली तर धावत येतानाच नावं पुकारायच्या. आधी तो नुसता राम राम करायचा. ही नवी पद्धत सगळ्यांना फार आवडली. मलाही. त्याच सुमाराला त्याने लॉगबुक माझ्याकडे सरकवलं. "तोर अक्षर सुग्घर हे बहिनी, तहीं लिख दे." शाळेत माझ्या अक्षराला कुणी सुग्घर म्हटलं नव्हतं, आणि म्हणण्यासारखं त्यात काही नाही. तरी मी दोन वर्षं त्याचं लॉगबुक लिहिलं, आणि खुशीने लिहिलं.

आता ठवकरकाका. हे आमच्या समोरच्या घरात राहतात. प्लांटच्या टाइम ऑफिसमधून क्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण अर्ज लिहायचं अजून सुटलेलं नाही. नळ, नाली, मोकाट गाय, कशावरही काकांचा अर्ज तयार असतो. मुलगी सेक्टर 2 मध्ये राहते, म्हणून रोज सकाळी आमच्या पहिल्या बसने नातवाला शाळेत सोडायला जातात. पूजेच्या आठवडाभर आधी ते माझ्या दारात आले.

"वनिता, मनहरणले दुसऱ्या रूटवर टाकून राहिले म्हनते. तुले माईत आहे का?"

"ऐकलं मी बी."

"मंग चूप कावून आहेस? आपन अर्ज देऊ. साऱ्या जुनवानीच्या सह्या. आन पूजेच्या दिवशी त्याचा सत्कार करू. शाल, नारळ, समदं."

"शाल कशाले काका? मानूस घामानं निथळून राहिला."

"सत्कार म्हनजे शाल लागतेच. तू नको शिकवू मले. आन पयली सही कंडक्टरबाईची. मंग कंपनीवाले समजतीन."

बदलीची बातमी काकांपर्यंत खुद्द मनहरणनेच पोचवली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, की पेन चांगलं आणा.

पूजेच्या दिवशी दुपारी चार वाजता सगळे जमले. छत्तीसगढी बायकांनी ठेठरी-खुरमी आणली, ठवकरकाकूंनी बुंदी. पंधरा-वीस घरांतून माळा आल्या. वायपरपासून आरशापर्यंत झेंडू असा लटकवला की काचेचा डावा अर्धा भाग दिसेनासा झाला. पूजा झाल्यावर वस्तीतल्या पोराबाळांना बसमधून एक फेरी मारायची, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मी मनहरणला म्हटलं, माळा थोड्या वर बांधू.

"रहन दे बहिनी, पूजा के माला ए. मोर बर का फरक पड़थे?"

मला काय फरक पडतो, असं तो म्हणाला. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मागच्या सीटवर लाऊडस्पीकर ठेवला होता आणि भजनं कर्कश वाजत होती. माझा घसा तीन दिवसांपासून बसलेला. मी दारात उभी राहून "लेफ्ट सायकल", "आन दे" असं म्हणत होते, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. म्हटलं, वस्तीतली फेरी आहे, रोजचा रस्ता आहे, बोललं नाही तरी चालतं.

शेवटच्या वळणावर बस पश्चिमेला वळली आणि ऊन सरळ काचेवर आलं. कोपऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, ठवकरकाका आरतीचं ताट घेऊन उभे होते. गाडीला शेवटची आरती त्यांनी करायची असं ठरलं होतं. तोंडभर हसत होते. बस डावीकडे झुकायला लागली. मला वाटलं, आता सरळ करेल. केली नाही. काका हसतच होते, कारण मनहरण आपल्याला धडक देईल असं कुणाच्या मनात येईल? मी पत्र्यावर तीन थापा मारल्या, इतक्या जोरात की पुढे दोन दिवस तळवा सुजलेला होता.

ब्रेक लागला. पोरं एकमेकांवर आपटली. लाऊडस्पीकर खाली पडून बंद झाला. बंपर आणि काकांचं पोट यांच्यात हातभर जागा उरली होती. ताटातला दिवा तसाच जळत होता.

"काय बे मनहरण," काका ओरडले, "आरती घेतं का मलेच घेतं?"

सगळी गल्ली हसली. मनहरणची गंमत, असंच सगळ्यांना वाटलं. मनहरणही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. आणि त्याआधी, लाऊडस्पीकर बंद पडला त्या क्षणी, मला त्याचा आवाज ऐकू आला होता. हळू आणि घाबरलेला. "बोलत काबर नइ हस, बहिनी? बोल न!" बोलत का नाहीस, असं तो मला विचारत होता.

मी तिथेच दारात उभी राहिले. काचेवरचा डाग. लॉगबुक. चढणाऱ्याने सांगायचं नाव. तिन्ही गोष्टी एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या.

सत्कार मात्र ठरल्याप्रमाणे झाला. मांडवात खुर्च्या, शाल, नारळ. काकांनी भाषण केलं. "हा मानूस हरेकाले नावानं वळखते. असा डिरायवर कुठं भेटते? सांगा!" टाळ्या पडल्या. पिंकीने सगळ्या शाळकरी मुलींच्या वतीने गुलाब दिला. मग काकांनी फाइलमधून अर्ज काढला. मनहरणला जुनवानी रूटवरच कायम ठेवावं, अशी कंपनीला विनंती. पेन माझ्या हातात दिलं.

"घे. पयली सही तुही."

मी मनहरणकडे पाहिलं. शालीत घामाघूम होऊन तो हसत होता, मी क्षणापूर्वी जिथे उभी होते त्या जागेकडे पाहून. मी तोवर दोन पावलं बाजूला सरकले होते.

मी पेनचं टोपण लावलं. "आज नाही काका. उद्या सकाळी."

"कावून? हाताले मेंदी लागली का?" काकू म्हणाल्या.

"उद्या, काकू."

मागून कुणीतरी म्हणालं, "बहुत घमंड है मैडम को." दुसरी बाई आणखी स्पष्ट बोलली. "त्याले शाल भेटली आन तिले नाही, मनून जळून राहिली." ती आमच्याच शेजारची. तिच्या सासूला मी रोज हात धरून बसमध्ये चढवते.

काका दुखावले. "वनिता, तुह्याकडून ही अपेक्षा नोती."

"मले बी नव्हती काका," मी म्हटलं आणि निघाले. सगळ्यांसमोर तिथेच सांगता आलं असतं. पण त्याच्या खांद्यावर शाल असताना, त्याला आधी न विचारता मी ते सांगणार नव्हते.

संध्याकाळी तो बसमध्ये पाकळ्या झाडत होता. मी आत गेले आणि विचारलं, "भैया, सुबह काच पर दाग दिखा था?"

"कोन दाग?"

"सुबह से है."

त्याने झाडू खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत धुकं. समोरून दिवा आला की त्याला झालर दिसते. ऊन समोर असलं की नुसतं पांढरं. मोतीबिंदू आहे हे त्याला ठाऊक होतं. मागच्या तपासणीत रांगेत पुढे उभ्या असलेल्यांची अक्षरं ऐकून पाठ केली आणि म्हणून दाखवली. ऑपरेशन का नाही? तर त्याच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने केलं, आणि रजेवरून परत आल्यावर त्याच्या हातात बस धुवायची बादली दिली, ती कायमची. डोळ्याचं नाव कागदावर चढलं की ड्रायव्हरकी गेली, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

"दू साल बाचे हे नौकरी के. जुनवानी के रद्दा मोला मुंहजबानी याद हे. अउ तैं तो हस न, बहिनी! तोर बोली मा मैं पूरा गाड़ी चला लेथंव."

तुझ्या बोलण्यावर मी सगळी गाडी चालवतो. हे तो कौतुक म्हणून बोलला. माझ्या कामाचं एवढं मोठं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही, आणि एवढा राग मला कधी आला नाही. त्याचा कमी, स्वतःचा जास्त. तो बस स्टॉपपासून दूर लावायला लागला, ते मी पाहिलं होतं. एकदा बोललेही होते. तो हसला आणि मी विषय सोडला, कारण ती हसती-खेळती बस मला आवडत होती. डावी बाजू सांभाळायची हे माझं काम. दोन वर्षं मी उजवीही सांभाळत होते आणि मला पत्ता नव्हता. भरलेली बस, शाळेच्या मुली, सगळे एका बाईच्या घशाच्या भरवशावर.

"अर्ज मा दसखत कर दे, बहिनी."

"काका किती दूर होते, माहीत आहे?"

"होही चार-पांच हाथ."

मी माझा तळहात त्याच्या छातीपुढे हातभर अंतरावर धरला, मग त्याचाच हात ओढून त्या जागेवर लावला. "इतना."

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "मोला थारी के दिया भर दिखिस. मनखे नइ दिखिस."

ताटातला दिवा तेवढा दिसला, माणूस दिसला नाही.

"कल सुबह मैं एक भी थाप नहीं मारूंगी," मी म्हटलं. "तोंडातून शब्द काढणार नाही. चलाके दिखाओ. नाहीतर सांग. मी डेपोत सांगू शकते, पण मग ती चुगली होईल. तू सांगितलंस तर तो तुझा शब्द."

"सब के आघू?"

"शाल सबके आगे ली ना?"

त्याने खाली ठेवलेला झाडू परत उचलला. चालवून दाखव, हे बोलण्यापुरतं होतं, भरलेली बस मी त्याच्या हातात देणार नव्हते; मी घरी गेले आणि डेपोच्या टाइमकीपरला फोन केला. मनहरण उद्या सुट्टीवर, बदली ड्रायव्हर पाठवा, कारण काय ते तो स्वतः सांगेल. टाइमकीपर म्हणाला, त्याने तर काही कळवलं नाही. मी म्हटलं, मी कळवते आहे ना.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो प्लांटमध्ये ठेकेदाराकडे फिटर आहे, कमी बोलतो. "तो नाही आला तर?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मग मी त्याच्या घरी जाणार.

अठरा तारखेला पहाटे सव्वापाचला मी बसजवळ गेले आणि सगळ्यात आधी माळा उतरवल्या. मग स्टुलावर चढून डाव्या कोपऱ्यातला डाग खरवडून काढला. बदली ड्रायव्हर आला, त्याने दोन्ही आरसे आपल्या अंदाजाने वळवले. बरं वाटलं. प्रवासी यायला लागले. काका आले, माझ्याकडे न पाहता तिसऱ्या सीटवर बसले, फाइल मांडीवर. शेजारीण आली, तिच्या सासूला मी रोजच्यासारखं हात धरून चढवलं. पिंकी आली आणि सवयीने ओरडली, "भैया, पिंकी!" स्टीअरिंगवरच्या अनोळखी माणसाने मागे वळून पाहिलं.

निघायला दोन मिनिटं असताना मनहरण आला. खाकी शर्ट नव्हता, साधा चौकड्याचा होता. दांडा चाचपून चढला आणि दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसला. मी मशीन घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"कुठे?"

"दुरुग," तो पुटपुटला. "आंखी वाले अस्पताल."

सुट्टीवरच्या माणसाला स्टाफचा पास चालत नाही. मी तिकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "काय लिहिलंय, वाच."

त्याने तिकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. "नइ दिखत, बहिनी."

"जोर से."

मला वाईट म्हणायचं तर म्हणा. त्याने तिकीट खिशात ठेवलं. मग दांडा धरून उभा राहिला आणि मागे वळून, रोज हाका मारायचा त्याच आवाजात म्हणाला, "नइ दिखत हे! दू साल होगे, मोला कखरो मुंह नइ दिखत हे. मैं अवाज सुन के चिन्हथंव."

कुणाचाच चेहरा दिसत नाही, आवाजावरून ओळखतो. पिंकीने तोंडावर हात धरला. शेजारणीने मान खाली घातली.

"म्हनजे काल..." काका म्हणाले.

"हो काका. काल."

काकांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग फाइलमधून अर्ज काढला आणि दोन्ही हातांनी मधोमध धरला, फाडायला.

"थांबा," मी म्हटलं आणि कागद त्यांच्या हातातून घेतला. अर्ज हिंदीत होता. पंचावन्न-साठ सह्या झाल्या होत्या, सगळ्यात वर माझी जागा तेवढी मोकळी. मी अर्जाच्या शेवटी, माझ्या त्या सुग्घर अक्षरात, एक वाक्य वाढवलं. मनहरण डोळ्यांच्या ऑपरेशनला जात आहेत. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर त्यांना याच रूटवर गाडी चालवायला परत घ्यावं, बस धुवायला नाही. मग पहिली सही केली.

"हे वाक्य वाढवलं काका. आता साऱ्यायले दाखवून इचारा. ज्याले पटत नसन त्याची सही खोडा."

काकांनी चष्मा लावून वाक्य वाचलं. "खाडाखोड आहे," ते म्हणाले. "मी साफ लिहून आनतो."

"संध्याकाळपर्यंत आना."

"मैडम, टाइम हो गया," बदली ड्रायव्हर ओरडला.

मी दारात गेले. डाव्या बाजूला एक दूधवाला सायकल काढत होता, तो निघेपर्यंत थांबले. मग पत्र्यावर दोन थापा मारल्या.